वरची भाकरी

हसा, हसा! एकटीचा स्वयंपाक आणि भाकऱ्या तीन, म्हणून हसता ना? अहो, गणित मी भाकऱ्यांवरच शिकलेय.

मी चौथीत होते, पंच्याण्णव साल असेल. मखमलाबादला आमचा फुलांचा मळा. आई पहाटेच फुलं घेऊन बाजारात जायची, त्यामुळे भाकऱ्या वडील थापायचे. त्यांना आम्ही दादा म्हणायचो. थापता थापता विचारायचे, "माणसं चार, प्रत्येकी दोन. किती?"

"आठ."

"आणि वरची एक?"

"नऊ!"

वरची म्हणजे अवचित कुणी आलं तर त्याची.

परीक्षेत नेमकं तेच गणित आलं. मी बेधडक नऊ लिहिलं. बाईंनी फुली मारली. मी रडत घरी आले, तर दादा पेपर घेऊन थेट शाळेत.

"बाई, आज तुम्ही जेवायला आल्या, तर काय वाढू तुम्हाला?"

मार्क काही मिळाला नाही. पण रविवारी बाई आल्या आणि नववी भाकरी खाऊन गेल्या.

दादा गेले, मळाही गेला. आता माणूस एक, भाकऱ्या दोन आणि वरची एक. फक्त कुणीच आलं नाही तर वरचीचं काय करायचं, तेवढं दादांनी शिकवलं नाही.