एका माणसाचं वजन

आदरणीय अध्यक्ष महाशय, रुग्णालयाच्या अधीक्षक बाई, व्यासपीठावरील मान्यवर, आजचे सत्कारमूर्ती दादा, आणि जिने चढून धापा टाकत पोहोचलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

जुनी लिफ्ट आज बंद ठेवावी लागली, त्याबद्दल देखभाल विभागातर्फे आधीच हात जोडते. उद्या ती काढायला घेणार. म्हणजे आज निरोप दोघांना आहे, दादांना आणि त्यांच्या लिफ्टला.

मला सांगा, ब्रेक सुटला तर रिकामी लिफ्ट कुठे जाईल? खाली? नाही हो, वर! यंत्रखोलीत खाचांचं मोठं चाक असतं. त्यावरून पोलादी दोर जातात. एका टोकाला लिफ्ट, दुसऱ्या टोकाला लोखंडी प्रतिभार, साधारण निम्म्या भरलेल्या लिफ्टइतका जड. दोर खाचांत घट्ट बसतात, चाक फिरलं की सरकतात, आणि मोटारीला फक्त दोन्ही बाजूंतला फरक ओढावा लागतो. नव्या इमारतीत मोटार चाकाला थेट जोडलेली, म्हणून त्या लिफ्ट वेगवान आणि बिनआवाजी. एकीला तर यंत्रखोलीसुद्धा नाही, यंत्र तिच्या वाटेतच वर बसवलंय. आपली जुनी मात्र गिअरवाली. मोटार भरभर फिरते, गिअर तिला दमानं घ्यायला लावतो. कण्हते, पण ओझ्याला कधी नाही म्हणाली नाही.

दरवर्षी आम्ही तोल तपासतो. निम्म्या भाराची वजनं आत रचायची, लिफ्ट आणि प्रतिभार समोरासमोर येतील अशी ती मधोमध आणायची, आणि हातानं ब्रेक उघडायचा. तोल बरोबर असेल तर लिफ्ट जागची हलत नाही.

आपली हलायची. हळूहळू खाली जायची. एका माणसाइतकी वजनं काढली की थांबायची.

मी म्हटलं, "दादा, प्रतिभार हलका पडलाय. लोखंड वाढवू या."

"प्रतिभार बरोबर आहे," ते म्हणाले. "आत माणूस आहे."

मला हसू आलं. मग मी आत डोकावले. दादांनी वजनं दाटीवाटीनं रचली होती, फक्त कोपऱ्यातल्या स्टुलापुढे पाय ठेवण्यापुरती जागा सोडली होती. माझं हसू तिथेच विरलं.

ते स्टूल वहिनींचं, दादांच्या पत्नीचं. ही लिफ्ट त्याच चालवायच्या. घुसाघुशी केली की मोठ्या डॉक्टरांनाही दटावायच्या, "आधी उतरणाऱ्यांना उतरू द्या!" पुढे आजारी पडल्या, तेव्हा वरच्या वॉर्डात याच लिफ्टनं गेल्या. वारल्यावर त्यांना खाली आणलं ते मात्र नव्या इमारतीच्या लिफ्टनं, कारण ही त्या दिवशी बिघडली होती आणि दादा यंत्रखोलीत तेलानं माखलेले होते. "तिला मी खाली आणलंच नाही," ते अजून म्हणतात. नव्या इमारतीतली बढती त्यांनी का नाकारली, असं अधीक्षक बाई नेहमी विचारतात. बाई, म्हणून नाकारली. आणि उद्या लिफ्टच राहणार नाही, तर वहिनी कुठे जाणार, या काळजीनं ते महिनाभर नीट जेवलेले नाहीत.

आज सकाळी त्यांनी लिफ्ट तळमजल्यावर आणली. जाळीचं दार सरकवलं, स्टूल बाहेर ठेवलं आणि म्हणाले, "चल, उतर. घरी जाऊ."

आम्ही उभे राहिलो. मग लिफ्ट किंचित वर उचलली गेली. आत कुणी नसताना, आपल्यापैकी कुणी उतरल्यावर उचलली जाते तेवढीच.

त्यानंतर पुन्हा तोल तपासला. सगळी वजनं ठेवली, मी स्वतः ब्रेक उघडला. लिफ्ट केसभरही हलली नाही. खरं सांगते, मला भीती वाटली. आणि त्याच वेळी रडूही आलं.

दादा, तुम्ही मला काम शिकवलंत, माया केलीत. तुमचे आभार कसे मानू? अध्यक्षांनी वेळ दिला, आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, त्यासाठी ऋणी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर सांभाळून घ्या.

जाता जाता एक विनंती. दादा आता जिन्यानं उतरतील. येतानाही ते भिंतीला लागून चढले, शेजारची जागा मोकळी सोडून. जिना अरुंद आहे, तुम्हाला घाईही असेल. तरी त्या जागेतून कुणी पुढे घुसू नका.

आधी उतरणाऱ्यांना उतरू द्या.