घाटात भरलेली बोट

ऐका. जाळी जरा बाजूला ठेवा आणि ऐका. उद्या तुम्ही बोट ट्रॉलीवर चढवून वरच्या धरणावर नेणार, असं माझ्या कानावर आलं. न्या, मी अडवत नाही. पण दिवे लागल्यावर निघू नका, आणि कातळघाटीच्या जुन्या रस्त्याने तर नकोच. मोरू गिरकर त्या रस्त्याने गेला होता. असाच, अंधार पडल्यावर.

खालच्या वाडीतला मोरू तुम्ही पाहिलाय. आता गप्प असतो. तेव्हा त्याची स्पीडबोट होती, पांढरी, लाल पट्ट्याची. पाहुण्यांना खाडीत फिरवायचा. सोबतीला सावळा असायचा, विठाबाईचा एकुलता एक. एका संध्याकाळी पाहुणे जास्त झाले. मोरूने कोणाला मागे ठेवलं नाही. सावळ्याच्या अंगातलं तरंगायचं जॅकेट काढून एका पाहुण्याला दिलं. पाहुणे ओरडू लागले, जोरात घ्या, जोरात घ्या. मोरूने खाडीच्या तोंडाशी बोट गर्रकन वळवली. सावळा पुढे उभा राहून दोर गुंडाळत होता. होता, आणि मग नव्हता.

दुसऱ्या दिवशी तो वाळूच्या पट्टीवर मिळाला. वाडी जमली. विठाबाई काही विचारण्याआधीच मोरू बोलून गेला, "पिऊन होता. तोल गेला त्याचा."

बोलून गेला खरा. पण त्यानंतर त्याला ती बोट बघवेना. शेवटी धरणावरच्या एका माणसाला विकली. आता ती बंदरातून काढून घाटावर न्यायची. दिवसा काढली तर विठाबाईच्या डोळ्यांदेखत तिच्या दारावरून न्यावी लागणार. म्हणून त्याने संध्याकाळ धरली.

बोट जीपमागच्या ट्रॉलीवर ओढून घेतली. इंजिन वर उचलून खाली लाकडाचा ठोकळा दिला, म्हणजे रस्त्यावर पंखा घासायला नको. पेट्रोल काढलं. बॅटरीच्या वायरी सोडल्या. मागचं बूच काढून तळाचं पाणी वाहून जाऊ दिलं, आणि बूच हरवू नये म्हणून जीपच्या खणात टाकलं. पट्टे आवळले. ताडपत्री ओढली. मागे लाल फडकं बांधलं. मग सगळं पुन्हा तपासलं. हात कामात असले की डोकं गप्प बसतं ना, म्हणून.

धक्क्यावर बाबाजी तांडेल बसले होते. म्हणाले, "मोरू, देवाक गाऱ्हाणां घाल. हिच्यावरना एक माणूस गेलो हा. त्याचा नाव घे, काय चुकला ता सांग, मगे हलव."

"उशीर होता हा, आजा. वर गेल्यावर नारळ फोडतंय," मोरू म्हणाला, आणि जीप चालू केली.

नाव घ्यायचंच तर नव्हतं त्याला.

घाटी लागली. रस्त्यावर चिटपाखरू नाही. पहिल्या वळणावर त्याने आरशात बघितलं, तर मागच्या लाल दिव्यात रस्त्यावर ओली रेघ. उतरला. बुचाच्या भोकातून पाणी ठिबकत होतं. राहिलं असेल तळाला थोडं, म्हणाला, आणि निघाला.

पुढच्या वळणावर ते नळासारखं धो धो वाहत होतं. बोटीत एवढं पाणी येणार कुठून? उतरून हाताचं बोट लावून जिभेवर धरलं. खारट.

आणखी वर गेला, तर मागे पट्टा सुटल्याचा आवाज. उतरून बघतो तर पट्टा सुटून लोंबत नव्हता. गोल गोल, नीट गुंडाळून कडेला ठेवला होता. तसं गुंडाळणारा वाडीत एकच होता. मोरूने पट्टा कसाबसा बांधला, मागे न बघता जीपमध्ये येऊन बसला.

मग पाणी थांबलं. रेघ बंद. त्याला हायसं वाटलं. आणि तिथेच फसला बघा.

कारण जीप चढेना. पहिल्या गियरमध्येही चढेना. जागच्या जागी घुरघुरायला लागली. त्याने ब्रेक ओढला, चाकांमागे दगड लावले, ताडपत्री उचलली. आत काठोकाठ पाणी. बोट तुडुंब भरलेली. आणि बूच? जे खणात टाकलं होतं, ते मागे घट्ट बसवलेलं.

तेवढ्यात चाकाखालचा दगड करकरला. ट्रॉली मागे सरकली. मागे दरी, आणि दरी नि ट्रॉली यांच्यामध्ये मोरू. तो वाकला, बूच फिरवू लागला. फिरेना. त्याच्या बोटांवर दुसरी बोटं आली. गार, पाण्यात भिजून सुरकुतलेली. आणि आवाज कानाशी, अगदी नेहमीसारखा, "मोरूदा, माझ्या आयेक काय सांगितलंस?"

दगड पुन्हा करकरला. टाच दरीच्या काठाला लागली.

"खोटा सांगितलंय," मोरू म्हणाला. "तू पिऊक नव्हतंस. तुझा जॅकेट मी काढून दिलंय. बोट मी वळवलंय, सावळ्या. मी."

बोटं सुटली. बूच हातात आलं. पाणी असं फुटलं की मोरू आडवा झाला, आणि त्याच्या छातीला टेकून ट्रॉली थांबली. सगळं पाणी दरीत जाईपर्यंत तो तसाच पडून रडत होता.

उजाडताना तो बोट घेऊन परत आला आणि विठाबाईच्या दारात उभा राहिला. सगळं सांगितलं. ती चुलीपाशी बसून ऐकत होती. त्याचं बोलणं संपलं तरी तिने मान वर केली नाही.

"ह्या माका एकटीक कित्याक सांगतंस?" ती म्हणाली. "तेव्हा सगळ्या वाडीत सांगितलेलंस. आता वाडीत सांग."

तेव्हा मोरू घरोघर गेला. प्रत्येक उंबऱ्याशी उभा राहून बोलला. काहींनी पाणी दिलं, काहींनी दार लावून घेतलं. विठाबाईने त्याला कधी आत बोलावलं नाही. आणि तोही कधी, बोलवा, असं म्हणाला नाही.

तर त्या घाटीने जाऊ नका. जाल तेव्हा नव्या रस्त्याने जा, सूर्य डोक्यावर असताना. आणि बोट हलवण्याआधी गाऱ्हाणं घाला. जे सांगायचं राहिलंय ते इथेच, आपल्या माणसांत सांगा. वर घाटात कोणी विचारलं, तर त्याला उत्तर देऊन परत आलेला मला एकच माहीत आहे.