दांड्यावरचा टावेल

हाय की, मयताचा दाखला हाय — डब्यात ठिवलाय, देतो. सूर्यभान माझा शेजारी, हीर दोघांत निम्मी-निम्मी, म्हनून लाइटीचं कनेक्शन बी दोघांच्या नावावर. आता तुमचा सोलर पंप घ्यायचा तर ते सोडायचं, अन् सोडायला त्याची सही — तो तर न्हाई. मंग त्याच्या बायकोची, मनकर्णा वैनीची, चालंल ना? चालंल. बसा. तिनं च्या टाकलाय.

कशानं गेला? डीपीवर गेला, ट्रान्सफार्मरच्या खांबावर. मागच्या साली, दिवाळी झाल्यावर, कांद्याची लागन चालू हुती. एक आठवडा दिवसा लाइट, एक आठवडा रातची — तो दिवसाचा आठवडा. अन् फ्यूज उडाला. वायरमनला फोन लावला, तो म्हनला उद्या बघू. रोप काय उद्यापतुर थांबतंय? मंग कोन चढनार — सूर्यभान. कायम त्योच चढायचा. डीपी त्या बाभळींच्या मागं, अन् लाइन बंद करायचा दांडा हितं, वढ्याच्या अल्याड — हितनं वरचा मानूस दिसत न्हाई. म्हनून आमच्यात रीत हाय, वर जानाऱ्यानं दांडा खाली वढायचा अन् त्याला आपला टावेल बांधायचा. टावेल हाय म्हंजी मानूस वर हाय, हात लावायचा न्हाई. बारक्या पोरांना बी ठावं हाय हे.

त्या दिशी टावेल वाऱ्यानं उडाला. उडाला, अन् कुनीतरी दांडा वर केला — एका डीपीवर अकरा मोटारी, कोन ते कळलंच न्हाई. पंचनाम्यात तसंच हाय. तुमी बी तसंच लिवा — लिवायला लागत न्हाई? बरं.

वारा लई हाय आमच्याकडं. त्यो डोंगर बघा, समदे पवनचक्कीचे पंखेच. त्यांची वीज कुठं जाती कुनाला ठावं, आमच्या डीपीत तर दिसत न्हाई. आज कसे फिरत्यात — दिवाळीनंतर मातर वारा पडतो, महिनाभर पान हालत न्हाई, पंखे नुसते उभे ऱ्हात्यात. काय बघताय असं? व्हय. तवाच गेला तो.

खोड हुती त्याची. काम झालं की टावेल तसाच इसरून घरी जायाचा. धा येळा मीच सोडून नेऊन दिलाय, शिव्या घालून. त्या दिशी बी बांधलेला दिसला. म्हनलं, इसरला गडी परत. हाक मारली का मी? न्हाई मारली. गाठ सोडली, टावेल खांद्यावर टाकला, दांडा वर केला. फ्यूज घालून झाला हुता त्याचा, उतरायचंच बाकी हुतं. मोटार चालू झाली, पानी आलं — मी वाफं भरत बसलो. चार वाफं भरलं, मंग कुनीतरी वरडलं.

टावेल घरी हाय. फरीदाला, माझ्या बायकोला बी दावला न्हाई. रडू येत न्हाई, साहेब, काईच हुत न्हाई — जेवतो, झोपतो. सोलर आल्यावर तो दांडा काढत्याल का वो? न्हाई का. बाकीच्यांची कनेक्शनं हायेत, व्हय.

वैनीनं एकदाच इचारलं, तेराव्याला — पीरभाई, त्या दिशी पंखे फिरत हुते का? म्हनलं, फिरत हुते, लई वारा हुता. ती बरं म्हनली. तिचं दार डोंगराकडंच हाय, उघडलं की पंखे दिसत्यात.

आली बघा च्या घिऊन. सही कुठं करायची तेवढं तिला दावा, अन् निघा तुमी.