दुसरा रिमोट

माल परत करायच्या रांगेत माझ्यापुढे बहीण-भाऊ होते, दोघंही पन्नाशीचे. त्याच्या हातात जुन्या व्हिडिओ गेमच्या नव्या, तळहाताएवढ्या मशीनचं खोकं होतं.

"दादा, बहिणीनं दिलेली भेट कुणी परत करतं का?"

"शंभर गेम ठासून भरलेत मेल्यांनी, आणि रिमोट एकच!"

"एकटा तर राहतोस. दुसरा कशाला हवाय?"

"रविवारी तू येतेस ना!"

"लहानपणी होता की दुसरा. त्याची वायर कधी जोडलीस? मी आपली नुसतीच बटणं बडवत बसायचे."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"पहिल्याच दिवशी कळलं."

"मग वर्षभर बडवत कशाला बसलीस, बावळट?"

"रिमोट खाली ठेवला असता, तर तू मला खोलीबाहेर हाकललं असतंस."