इंजिनाची बॅटरी

मुलगी : म्हणजे बोटीतले दिवे, पंखा, रेडिओ हिच्यावर चालतील, पण इंजिन सुरू होणार नाही. बरोबर?

दुकानदार : बरोबर. ही दमादमाने रात्रभर पुरते. इंजिन उठवायला एकदम जोर लागतो, त्याची बॅटरी वेगळी. काकांच्या बोटीतल्या दोन्ही बसल्यात ना? मग दोन्ही घ्या, ताई.

मुलगी : हीच द्या. इंजिनाच्या बॅटरीच्या जागी जुनीच पुसूनबिसून ठेवा. बाबांना पत्ता लागता कामा नये.

दुकानदार : उभा जन्म पाण्यावर गेलाय त्यांचा. झाकण उघडलं की ओळखतील. झालंय काय पण?

मुलगी : गेल्या महिन्यात अंधार पडला तरी परतले नाहीत. मच्छीमारांना सापडले ते धक्क्यासमोरच, गोल गोल फिरताना. घरी येऊन म्हणतात, वारं छान होतं म्हणून रेंगाळलो. परवा मला आईच्या नावाने हाक मारली. नव्या बॅटऱ्या आल्या की पुन्हा एकटे निघतील. माझा जीव टांगणीला लागतो हो.

(बाबा दुकानाच्या दारात उभे आहेत.)

बाबा : कान शाबूत आहेत माझे अजून.

मुलगी : बाबा! रागावू नका.

बाबा : रागवायला तोंड कुठाय मला? रेंगाळलो नव्हतो मी. धक्का समोर दिसत होता गं, पण तो आपलाच का, ते काही केल्या आठवेना. फार घाबरलो होतो. तुला सांगायची लाज वाटली.

मुलगी : माझ्यापाशी कसली लाज?

बाबा : शेठ, हिचं ऐका. दिव्यांचीच द्या. बांधलेल्या बोटीत रेडिओ ऐकत बसेन.

दुकानदार : रमेल जीव तुमचा?

बाबा : दुधाची तहान ताकावर भागवायची. दुसरं काय?

मुलगी : दोन्ही द्या, दादा.

बाबा : अगं, आत्ता तर...

मुलगी : बोट मी चालवेन. तुम्हाला आठवतंय तोवर शिकवा मला.

बाबा : तुला तर पाण्याची भीती वाटते.

मुलगी : वाटतेच. तुम्ही एकटे गेलात की जास्त वाटते.

दुकानदार : काका, दोन्ही गाडीत ठेवू?

बाबा : तिला विचारा. आता बोट तिची. ही किल्ली घे गं. निघताना मला फक्त विचारत जा, येता का म्हणून.