आजीचा जुना टीव्ही

शहापूरला टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं ना माझं, तेव्हाचं सांगतो. मुरबाडकडच्या एका गावात एका आजीचा जुना टीव्ही होता. तिघा मेकॅनिकांनी त्यापुढे हात टेकले होते. मी दोन तास खपलो आणि चित्र आलं.

आजी खूश. "गुणाचा हाय रे तू. सूनबाई, चहा टाक गो." मग मला विचारलं, "घर कुठं तुझं?"

"शहापूरजवळच, बुद्धवाडीत."

आजी आत बघून म्हणाली, "चहा ऱ्हाऊ दे गो. त्याला जायची घाई हाय."

चहाचा वास बाहेर आला होता. मला कसलीच घाई नव्हती. तरी मी पिशवी उचलली आणि म्हणालो, "हो आजी, उशीरच झालाय."

तिचं सोडा. मी तसं का म्हणालो, ते अजून सलतं.