डांबरातल्या खुंट्या

तंबू-बिंबू विकणाऱ्या दुकानात माल परत करायची रांग होती. नव्या स्लीपिंग बॅगचा रंग बायकोला आवडला नाही, म्हणून एक मास्तर ती बदलायला आला होता. त्याच्या पुढे एक बाई आणि तिची सासू.

“दादा, हा तंबू गळतो. चेनही तुटली,” बाई दुकानदाराला म्हणाली.

“महिनाभरात चेन कशी तुटेल, ताई? रोज उघडझाप करत होता की काय?”

“मग आत-बाहेर करायचं कसं?” सासू म्हणाली.

“आजी, हा सहलीचा माल. दोन रात्री, फार तर तीन.”

“इमारतीला तडे गेले म्हणून आम्हाला बाहेर काढलं, तेव्हाही दोनच रात्री म्हणाले होते.”

“आणि या खुंट्या? सगळ्या वाकवून आणल्यात! कशात ठोकल्या?”

“डांबरात,” सून म्हणाली.

“डांबरात कोण ठोकतं? पिशवीवर चित्र आहे ना, मातीत ठोकायच्या.”

“पाहिलं चित्र. हिरवळ आहे, मागे तळं आहे.”

“मग?”

“तेवढी माती आमच्या नावावर असती, तर तुमच्या दारात आलो असतो का?”

“वापरलेला माल आम्ही परत घेत नाही. सरका बाजूला. हं साहेब, तुमची काय तक्रार?”